तुटलेला दात सांधणे : निर्मितीत बदल की उपचार?



अपघाताने किंवा किडीमुळे समोरचा दात तुटला, की दंतवैद्य बऱ्याचदा ‘बाँडिंग’ सुचवतात. अशा वेळी आपल्या घरांतून दोन शंका निघतात. हा अल्लाहच्या निर्मितीत बदल तर नव्हे? आणि दातावर असा थर बसल्यावर गुस्ल होईल का? या शंकांपायी कित्येक जण, विशेषतः मुली, वर्षानुवर्षे तोंडावर हात धरून बोलतात. शंका दीनच्या काळजीतून आल्या आहेत. म्हणून त्यांचे उत्तरही दीनमध्येच शोधू या.

प्रथम उपचाराचे स्वरूप पाहू. आम्लयुक्त जेलने दाताचा पृष्ठभाग किंचित खरबरीत करतात, त्यावर चिकट द्राव लावतात. मग राळ आणि काचेची अतिसूक्ष्म पूड यांचे दाताच्या रंगाचे मिश्रण थराथराने बसवून निळ्या प्रकाशाने कठीण करतात. शेवटी घासून आकार व चकाकी देतात. निरोगी भाग फारसा कोरावा लागत नाही.

निर्मितीतील बदल

सूरह अन-निसाच्या 119 व्या आयतीत सैतानाची प्रतिज्ञा आली आहे, की तो माणसांना अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करायला लावील. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसमध्ये सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आहे. येथे ‘सौंदर्यासाठी’ हा शब्द निर्णायक आहे. इमाम नववी (रह.) यांनी याच शब्दावरून स्पष्ट केले, की उपचारासाठी किंवा दातातील दोषामुळे असे करावे लागल्यास हरकत नाही.

दुसरा आधार हजरत अरफजा (रजि.) यांचा. इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले; त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजीमध्ये आहे. पुरुषांना सोने निषिद्ध असूनही गमावलेल्या अवयवासाठी ही सवलत मिळाली. मग दाताच्या रंगाच्या साध्या मिश्रणाने तुटलेला दात भरून काढण्यास अडसर कसला? जे होते ते परत मिळवणे म्हणजे बदल नव्हे.

मात्र धडधाकट, सुस्थितीतील दात केवळ फॅशनपायी घासून त्यांचा आकार पालटणे वेगळे. ते त्या निषेधाच्या कक्षेत येते.

गुस्ल, वुजू आणि रोजा

हनफी मतानुसार फर्ज गुस्लमध्ये चूळ भरणे फर्ज आहे. शाफई मतानुसार, ज्याचे कोकणातील आपले बांधव अनुसरण करतात, ते सुन्नत आहे. म्हणून ही चिंता प्रामुख्याने हनफी घरांतली. बाँडिंग दाताशी एकरूप होते, इजा न करता काढता येत नाही. दीनमध्ये अल्लाहने अडचण ठेवलेली नाही (सूरह अल-हज, 78). म्हणून त्या थरावरून पाणी फिरले की पुरे. गुस्ल होते, नमाज होते. वुजूमध्ये चूळ दोन्ही मतांनुसार सुन्नत आहे, तेव्हा तेथे प्रश्नच उरत नाही. काढता येणारी कवळी मात्र फर्ज गुस्लच्या वेळी काढून चूळ भरावी.

रमजानमध्ये उपचार घेताना पाणी किंवा औषध घशाखाली उतरण्याचा धोका असतो. निकड नसेल तर इफ्तारनंतरची वेळ घ्यावी.

बाँडिंग झाल्यावर

हा थर कायमचा टिकत नाही; काही वर्षांनी दुरुस्ती लागते. चहा, पान व तंबाखूने त्यावर डाग पडतात. सुपारी किंवा बर्फ फोडल्यास तो तुटतो. मिस्वाकची सुन्नत येथेही उपयोगी पडते. हलक्या हाताने करावी.

आपल्या भावाला हसतमुखाने भेटणे हाही सदका आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. जायज उपचाराने कोणाला ते सोपे होत असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनी निःशंक मनाने संमती द्यावी. अल्लाह तआला आपल्याला दीनची योग्य समज आणि आरोग्य देवो. आमीन. वल्लाहु आलम.