वस्तुविनिमय : पुस्तकातला आणि आमच्या घरातला

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'पैसा' हे प्रकरण वर्गात सुरू झाले की पहिल्याच तासाला वस्तुविनिमय येतो, आणि तो तास संपण्याच्या आत त्याची हकालपट्टीही होते. सर फळ्यावर त्याचे दोष लिहितात, आपण वहीत उतरवून घेतो. एकाला हवे ते दुसऱ्याकडे असेलच असे नाही. मोलाचे समान माप नाही. गाईचे तुकडे करून सुटे देता येत नाहीत. धान्य फार दिवस टिकत नाही. म्हणून पैसा जन्माला आला. पाच गुणांचे उत्तर तयार झाले. मीही ते परीक्षेत लिहिले आणि मला गुणही बरे मिळाले. परंतु लिहिताना सारखे वाटत होते, की हे जे दोष म्हणून मी लिहिते आहे, त्यांच्याच जोरावर तर आमच्या घरातल्या कित्येक मे महिन्यांच्या सुट्ट्या गोड झाल्या!

आमचे घर इचलकरंजीत. वडील मागावर कामाला, आई घरी कांड्या भरते. आम्ही तीन भावंडे : ताई, मी आणि धाकटा पिंट्या. प्रत्येकाचा एक खजिना होता. ताईचा पावडरच्या डब्यात, माझा बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीत, आणि पिंट्याचा चपलांच्या खोक्यात. सागरगोटे, गुंजा, चिंचोके, काचेच्या गोट्या, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, कुस्तीगिरांची कार्डे, मोराचे पीस, रंगीत सुताचे गुंडे असा त्यातला माल. मोडीत निघालेल्या मागाचा एक लाकडी धोटाही होता. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या असलेला, हाताच्या घासण्याने गुळगुळीत झालेला. वडील म्हणायचे, हा धोटा माझ्याइतकाच चालला आहे. तो पिंट्याच्या वाट्याला आला होता.

उन्हाळ्यात मामाची मुले यायची आणि दुपारी जेवणे झाल्यावर ओट्यावर बाजार भरायचा. भाव ठरलेले नसायचे आणि गंमत तीच होती. एका कार्डाला वीस चिंचोके असा दर सकाळी पडला तर दुपारपर्यंत तो तीसवर जायचा, कारण मामाच्या मुलाने परसात चिंचोक्यांची पिशवी शोधून काढलेली असायची. (चलन वाढले की भाव चढतात, हे मला दहा वर्षांनी वर्गात कळले. त्या वेळी आम्ही त्याला नुसते "फसवा" म्हटले होते.)

"देतीस का न्हाई?"

"न्हाई."

"मग बघाय तरी दे."

"बघायचं बी पाच चिंचोकं."

एकेक सौदा आठ-आठ दिवस चालायचा. नियम एकच : "पलटी न्हाई" म्हटले की मागे फिरायचे नाही. ते शब्द तोंडातून निघेपर्यंत आईने हाक मारली, वीज गेली, पाऊस आला, काहीही झाले तरी सौदा लोंबकळत राहायचा.

विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1875 साली पैशावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या आरंभीच एक गमतीदार हकिकत आहे. पॅरिसची एक गायिका जगप्रवासात पॅसिफिक महासागरातल्या सोसायटी बेटांवर गायली. मिळकतीचा तिसरा हिस्सा तिला मिळायचा होता. त्या हिश्श्यात तिला मिळाले काय? 3 डुकरे, 23 टर्की, 44 कोंबड्या, 5000 नारळ, शिवाय केळी, लिंबे, संत्री. एवढे सगळे ती खाणार कसे आणि नेणार कसे! शेवटी फळे डुकरा-कोंबड्यांना चारावी लागली. जेव्हन्सला यातून दाखवायचे होते की पैशावाचून व्यवहार अडतो. ते खरेच आहे. पण गायिका तिथे परकी होती. कोणाला काय हवे हे तिला ठाऊक नव्हते आणि ती तिथून निघून जाणार होती. आमच्या घरात कोण कशासाठी झुरतो आहे हे सगळ्यांना पाठ होते. आज दिलेले उद्या, नाहीतर गणपतीत, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात परत येणारच होते, कारण जाणार कुठे? रात्री सगळे एकाच सतरंजीवर. गाईचे तुकडे होत नाहीत हेही कबूल. पण धोटा सोमवार ते बुधवार माझा आणि पुढे तुझा, असे दिवसांचे तुकडे होतात. घरातल्या विनिमयाला पैसा लागत नाही, याचे कारण मला तरी एवढेच दिसते, की तिथे माणसे एकमेकांना ओळखतात आणि पळून जात नाहीत.

दुसरी गोष्ट आनंदाची. काल माझ्याकडे मोराचे पीस होते आणि ताईकडे निळी गोटी. आज उलट झाले. जगात नवी वस्तू एकही निर्माण झाली नाही, तरी आम्ही दोघीही कालच्यापेक्षा श्रीमंत! लहानपणी हे मला जादूसारखे वाटे. कार्ल मेंगर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने 1871 साली हेच शास्त्रात मांडले : दोन वस्तूंचे मोल सारखे असते म्हणून अदलाबदल होत नाही, दोघांनाही समोरच्याची वस्तू आपल्यापेक्षा मोलाची वाटते म्हणून ती होते. मोल वस्तूत नसते, मागणाऱ्याच्या मनात असते.

मात्र मन हे मोठे विचित्र. माझ्या पेटीच्या तळाशी वर्षभर पडलेला सागरगोटा कोणी मागितला रे मागितला, की तत्क्षणी तो मला प्राणप्रिय व्हायचा. हा माझाच चिकूपणा असे आई म्हणे. परंतु 1989 साली जॅक नेच या संशोधकाने विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना कप दिला, काहींना चॉकलेट, आणि मग हवे तर बदलून घ्या म्हटले. दोन्ही गटांत दहातल्या सुमारे नऊ जणांनी हातात होते तेच ठेवले. तेव्हा चिकूपणा सार्वत्रिक आहे एवढे समाधान मला मिळाले.

सर्वांत नवल वाटले ते आर. ए. रॅडफर्ड यांचा लेख सरांनी समजावून सांगितला तेव्हा. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होते आणि छावणीतल्या व्यवहारांवर त्यांनी 1945 साली लेख लिहिला. रेडक्रॉसची पार्सले साऱ्यांना जवळजवळ सारखीच मिळत, तरीही छावणीत धडाक्याने बाजार चाले, कारण सारखे वाटप झाले म्हणून आवडी सारख्या होत नाहीत. पुढे सिगारेट हेच तिथले चलन झाले. एका पाद्र्याची कथा छावणीत सांगत : तो चीजचा एक डबा आणि पाच सिगारेटी घेऊन फिरायला निघाला आणि परतला तो चीज, सिगारेटी शाबूत ठेवून वर एक अख्खे पार्सल घेऊन! एकाने आपल्या उर्दूच्या ज्ञानाचे भांडवल केले. तो शीख कैद्यांकडून मांस घ्यायचा आणि त्यांना लोणी व जॅम द्यायचा. वाचताना मला आमचा ओटा आठवला. मामाचा थोरला मुलगा अगदी तो पाद्री!

आता थोडी काळी बाजू. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात आली की आई आणि ती तासभर घासाघीस करतात. दोघीही मधूनच उठून जाण्याचे नाटक करतात, कारण दोघींनाही उठून जाता येते. गावगाड्यातल्या बलुत्याचे तसे नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गांव-गाडा' या पुस्तकात बलुतेदारीचे तपशील सापडतात. सुताराने औत भरायचे, कुंभाराने मडकी द्यायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे. हाही पैशावाचूनचाच विनिमय. परंतु काम जन्माने ठरलेले, आणि मी हे काम करणार नाही असे म्हणायची सोय खालच्या पायरीवरल्या माणसाला नाही. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी आवाज उठवला तो याचसाठी. तेव्हा नुसती वस्तू इकडची तिकडे गेली म्हणजे विनिमय झाला असे नव्हे. पिंट्या पाच वर्षांचा असताना मी त्याच्याकडून तीन कार्डे एका चकचकीत चॉकलेटच्या कागदाला घेतली होती. त्याला नाही म्हणता येत नव्हते असे नाही, पण नाही म्हणावे हे कळत नव्हते. तो सौदा मी अजून माझ्या खात्यावर वाईटात धरते.

आणि आता ज्या सौद्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो.

आजीने ताईला आणि मला एकेक जुनी वस्तू दिली होती. माझ्या वाट्याला भोकाचा पैसा आला. 1944 सालचा, मध्ये गोल भोक पाडलेला. महायुद्धात धातूची टंचाई होती म्हणून असे पैसे पाडले, रुपयाला चौसष्ट. आजीच्या आईने तो दोऱ्यात ओवून ठेवला होता. नाणेबाजारात त्याला फार मोल नाही. परंतु ताईचा त्याच्यावर पहिल्यापासून डोळा होता आणि मी तो साऱ्या कार्डांना, गोट्यांनाही दिला नव्हता.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली आणि माग थांबले. आमच्या पेठेत त्या खडखडाटावाचून झोप लागेना. जूनपासून शाळा मोबाईलवर आली. घरात मोबाईल एक, शिकणारी तीन. मी नववीत, ताई बारावीत, पिंट्या पाचवीत. वडिलांनी वेळ वाटून दिली. संध्याकाळचे दोन तास ताईचे, कारण तिचे वर्ष महत्त्वाचे. माझ्या वाट्याला दुपारचा एक तास, आणि गणिताचे व्हिडिओ एका तासात उतरत नसत. मी रडकुंडीला आले. तेव्हा ताई म्हणाली,

"माझा एक तास घे. रोज. परीक्षेपर्यंत."

"आणि काय देऊ?"

"भोकाचा पैसा."

मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी पैसा तिच्या हातावर ठेवला आणि स्वतःच घाईने "पलटी न्हाई" म्हणून मोकळी झाले, कारण ती मागे फिरेल अशी मला भीती होती. एका नाण्याला शेकडो तास! आयुष्यातला सर्वांत मोठा नफा झाला असे मला वाटले.

2021 साली बारावीची परीक्षाच रद्द झाली. गुण आधीच्या निकालांवरून आणि अंतर्गत मूल्यमापनावरून दिले गेले. ताई पास झाली आणि शिलाईच्या कारखान्यात कामाला लागली. मग मला हळूहळू उलगडले. ती त्या उन्हाळ्यापासूनच शेजारच्या काकूंच्या यंत्रावर शिवण शिकत होती. आपल्याला पुढे शिकता येणार नाही हे तिने घरात कोणी बोलण्याआधीच ठरवले होते. तो तास ती मला फुकटही देऊ शकली असती.

मग किंमत का मागितली? हे कोडे मला मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाच्या विचारांनी थोडेसे सोडवून दिले. 1925 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या भेटवस्तूंवरच्या निबंधात तो म्हणतो, की देणगी फुकट नसतेच. ती घेणाऱ्यावर परतफेडीचे ओझे टाकते. ताईने मोस वाचलेला नाही. पण तिने तो तास दिला असता तर मी जन्मभर तिचे उपकार वागवले असते. तिने तो विकला, आणि मी नफ्याच्या आनंदात निर्धास्तपणे अभ्यास केला. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. वडिलांना लोक विचारतात, मुलीला कसे शिकवले? ते म्हणतात, ती हुशार आहे. मी गप्प बसते.

2024 साली ताईचे लग्न झाले. पैसा ती सासरी घेऊन गेली. काळ्या दोऱ्यात ओवून पर्समध्ये ठेवते. गेल्या भाऊबीजेला ती आली तेव्हा मी सरळ विचारले, पैसा परत देतीस का?

"भाव चढलाय," ती म्हणाली.

"किती?"

तिने पिंट्याच्या खोक्याकडे बोट दाखवले. तिला धोटा हवा आहे. वडिलांचे माग आता विकले जाण्याच्या बेतात आहेत. मालक बिनधोट्याचे नवे माग आणतो म्हणतो. ताईला तो धोटा सासरच्या घरी भिंतीवर लावायचा आहे.

मी पिंट्याकडे गेले. तो आता दहावीत आहे आणि चॉकलेटच्या कागदाला भुलण्याचे त्याचे वय राहिलेले नाही. धोटा तो सोडायला तयार आहे, परंतु त्याला माझ्याजवळचे काही नको. त्याला ताईच्या नवऱ्याची जुनी सायकल हवी. दाजी सायकल द्यायला राजी आहेत, पण त्यांच्या मते त्या बदल्यात मी त्यांच्या पुतणीची नववीची गणिते महिनाभर घ्यावीत. पुतणी म्हणते, गणिते नकोत, इंग्रजी.

जेव्हन्स म्हणतो ती अडचण ती हीच. मी इंग्रजीची तयारी करते आहे. "पलटी न्हाई" अजून कोणीच म्हटलेले नाही.