‘ब्लाइटी’ : आपल्यासाठी परका, त्यांच्यासाठी घर

वर्गात एक प्रश्न विचारून बघा : ‘विलायती’ म्हणजे काय? मुलं पटकन सांगतील, “बाहेरचं, परदेशी!” उत्तर बरोबरच आहे. पण याच शब्दापासून इंग्रजीत ‘घर’ या अर्थाचा एक शब्द तयार झाला, हे सांगितलं की मुलं चकित होतात. तो शब्द म्हणजे ‘ब्लाइटी’. ब्रिटिश शिपायांच्या बोलीतला हा शब्द आज जवळजवळ कालबाह्य झाला आहे.

शब्दाचा प्रवास
मूळ अरबी शब्द ‘विलायत’. अर्थ : राज्यकारभार, प्रांत. ‘त्याला कुणी वाली नाही’ यातला ‘वाली’ त्याच धातूचा. फारसीतून तो हिंदुस्थानात आला. इथे आधी इराण-तुराणकडच्या मुलखाला, पुढे युरोपला आणि खास करून इंग्लंडला लोक ‘विलायत’ म्हणू लागले. उत्तरेकडे, बंगालकडे उच्चार झाला ‘बिलायती’. इथल्या छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांनी तो ऐकला आणि त्यांच्या तोंडी त्याचा ‘ब्लाइटी’ झाला. गंमत पाहा, आपण ज्याला परकं म्हणत होतो, ते त्यांचं घर होतं!

शब्दामागचं दुःख
पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) हा शब्द खंदकाखंदकांत पोचला. १९१६ साली त्यावर गाणंही गाजलं. जीव जाणार नाही, पण उपचारासाठी मायदेशी पाठवावंच लागेल, अशा जखमेला शिपाई ‘ब्लाइटी’च म्हणत. अशी जखम झालेला नशीबवान! स्वतःहून जखम करून घेणं मात्र लष्करी गुन्हा होता. घरी जायला मिळावं म्हणून माणूस जखमेची वाट बघतो, यावरून युद्ध कसं असेल ते मुलांना न सांगता कळतं.

त्याच युद्धात मराठा पलटणींचे जवानही मेसोपोटेमियात लढत होते. कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकलेलं सैन्य २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलं, त्यात तेही होते. ‘ब्लाइटी’ त्यांचं घर नव्हतं. आपल्याकडे गावाकडच्या घराला ‘मुलूख’ म्हणतात. तो शब्दही अरबीच!

मुलांसाठी उपक्रम
१. ‘विलायती’ लागलेले शब्द घरी विचारून आणा. विलायती चिंच मुळात मेक्सिकोकडची, मग नाव असं का?
२. आजी-आजोबा घराला कोणकोणते शब्द वापरतात? बिऱ्हाड, खोपटं, वाडा… यादी करा.
३. ‘घरापासून दूर असताना मला काय आठवतं?’ पाच वाक्यं लिहा.

तिसरा उपक्रम तपासताना लाल पेन बाजूलाच ठेवा.