‘दुसरं महायुद्ध’ हा विषय नव्हे

एम.ए.च्या मुलांचे लघुप्रबंध वाचण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. जगाच्या इतिहासाचा पेपर आला की मुलं स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात, ‘मॅडम, टॉपिक द्या ना!’ मी टॉपिक देत नाही. दिलेला टॉपिक मुलं लग्नातल्या आहेरासारखी घेऊन जातात आणि उघडूनही बघत नाहीत. त्याऐवजी दारात उभ्या उभ्या जे सांगते, ते इथे जरा बसून लिहिलं आहे.

१. मोठं नाव म्हणजे विषय नव्हे

सिनॉप्सिसच्या गठ्ठ्यात दर वर्षी तीच नावं असतात. ‘दुसरे महायुद्ध : कारणे व परिणाम’, ‘फ्रेंच राज्यक्रांती : एक अभ्यास’. ‘एक अभ्यास’ असं दिसलं की खुशाल समजावं, अभ्यास अजून सुरू व्हायचा आहे. असल्या नावाखाली शेवटी गाइडमधल्या प्रकरणाचा सारांश उतरतो आणि त्यात मुलाचं स्वतःचं असं एक वाक्यही सापडत नाही.

कोल्हापूरकडच्या एका मुलाला महायुद्धावरच लिहायचं होतं. हिटलर, स्टालिनग्राड, सगळं तोंडपाठ. त्याला म्हटलं, ‘अरे, तुझ्या घराजवळच्या वळिवड्याचं काय?’ त्याला पुसटसं ऐकून माहीत होतं, तिथे कधीतरी गोरे लोक राहत होते. ते पोलिश निर्वासित होते. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. मग जर्मनीनं सोव्हिएत संघावरच हल्ला केला, गणितं फिरली आणि जुलै १९४१ मध्ये लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला, तेव्हा या माणसांची सुटका झाली. सुटलेल्यांपैकी बरेच जण १९४२ मध्ये इराणात पोचले आणि तिथून काही बायका-मुलं हिंदुस्थानात आली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं.

इथवर ही नुसती हकिकत झाली. विषय पुढे सापडला. ही माणसं ज्या सरकारची नागरिक होती, त्या लंडनमधल्या सरकारची मान्यता ब्रिटननं जुलै १९४५ मध्ये काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. मग छावणीतली माणसं आता कोणाची? त्यांनी परत जायचं, तर ज्यांनी घरातून हुसकावलं त्यांच्याच प्रभावाखालच्या देशात जायचं का? मुलानं हा प्रश्न घट्ट धरला. त्याच्या लघुप्रबंधात हिटलर आला, पण अर्ध्या पानापुरताच.

२. शेवटी प्रश्नचिन्ह लावून बघा

‘हैतीची क्रांती’ असं लिहिलं तर त्यापुढे प्रश्नचिन्ह लागत नाही. १७९१ ला उठाव, तूसँ लूव्हेर्त्यूरचं नेतृत्व, १८०४ ला स्वातंत्र्य. हे सगळं विकिपीडियावर आहे आणि परीक्षकानंही ते वाचलेलं आहे. आता असं बघा. ज्या गुलामांनी नेपोलियनच्या फौजेला हरवून देश मिळवला, त्यांच्याच देशानं १८२५ मध्ये फ्रान्सला पंधरा कोटी फ्रँक भरपाई द्यायचं कबूल केलं. मळेवाल्यांचं नुकसान झालं, जमीन गेली, गुलाम गेले, म्हणून! पुढे १८३८ मध्ये रक्कम कमी झाली, पण पहिला हप्ता भरायलाच फ्रेंच बँकांकडून कर्ज काढावं लागलं होतं. जिंकलेल्यानं हरलेल्याला पैसे का मोजावेत? इथे प्रश्नचिन्ह आपसूक लागतं. बंदराबाहेर फ्रेंच युद्धनौका होत्या, हे एक उत्तर झालं. व्यापारासाठी मान्यता हवी होती, हे दुसरं. कोणतं किती वजनाचं, ते ठरवता ठरवता लघुप्रबंध उभा राहतो.

३. दोन टोकं हवीत, आणि मधला धागा तपासायला हवा

जगाचा इतिहास म्हणजे परक्या देशाचा इतिहास, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट रुतून बसली आहे. नुसत्या बिस्मार्कवर लिहिलं तर तो जर्मनीचा इतिहास झाला. एका ठिकाणी काही घडतं आणि समुद्रापलीकडे कुणाचं तरी आयुष्य हलतं, हे दाखवता आलं की तो जगाचा.

आपल्याकडचं ठरलेलं उदाहरण कापसाचं. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली. लँकेशायरच्या गिरण्या बहुतेक त्याच कापसावर चालायच्या, त्यामुळे मुंबईच्या कापसाचे भाव कडाडले. शहरात पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले, प्रेमचंद रायचंद यांचं नाव घरोघर झालं. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला आणि सगळा डोलारा कोसळला, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. मग दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. चौकशीला आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला.

मुलं ही माळ एका दमात ओवतात : व्हर्जिनियात तोफ, सुप्यात होळी. मला ही माळ आवडते, आणि म्हणूनच मी तिच्यावर संशय घ्यायला लावते. कापसाचा मोठा पट्टा खानदेश, वऱ्हाड, धारवाडकडचा. दंगली झाल्या पुणे आणि नगर जिल्ह्यांत. मधल्या काळात सरकारनं इंदापूरसारख्या तालुक्यांत शेतसाराही वाढवला होता. मग दोष कापसाच्या भावाला किती, साऱ्याला किती, कोर्टकचेरीच्या नव्या रीतीला किती? इतिहासकारांचं यावर एकमत नाही. टॉपिकसाठी याहून चांगली जागा नाही. धागा मध्येच तुटतो असं दाखवलंत तरी लघुप्रबंध पुरा होतो. एका मुलीनं तसंच केलं आणि व्हायव्हाला परीक्षक तिच्याशी बराच वेळ भांडत बसले. मला फार बरं वाटलं.

४. आधी कागद, मग टॉपिक

पोटोसीच्या चांदीचं वेड दर वर्षी कुणाला तरी लागतंच. लागायलाच हवं. आजच्या बोलिव्हियातला तो डोंगर १५४५ मध्ये स्पॅनिशांना सापडला आणि तिथली चांदी मनिलामार्गे चीनपर्यंत गेली. पण मूळ कागद सेव्हिलच्या दफ्तरखान्यात, सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश वळणात. इंग्रजीत जेवढं छापून आलंय त्यावर भागत असेल तर प्रश्न तेवढ्या मापाचा बेता. भागत नसेल तर चांदीला नमस्कार.

त्यापेक्षा हाताशी काय आहे ते मोजा. मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनीच्या काळापासूनचे कागद आहेत. मोडी येत असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर आहे. पणजीच्या दफ्तरखान्यात पोर्तुगीज कागदांचा डोंगर आहे, फक्त भाषेची तयारी हवी. बॉम्बे प्रेसिडेन्सीची गॅझेटिअर्स घरबसल्या फुकट वाचता येतात. अटलांटिकपार गुलाम नेणाऱ्या छत्तीस हजारांवर सफरींची माहिती इंटरनेटवर खुली आहे : जहाज कुठून निघालं, किती माणसं चढवली, किती उतरवली. सातारच्या कॉलेजात बसून त्यावर खरं काम करता येतं. मी सही करण्याआधी एकच मागते, त्या काळातलं निदान एक अस्सल साधन मला आणून दाखवा. बरेच टॉपिक तिथेच गळतात. गळू द्यावेत.

५. नकाशा पसरला तरी चालेल, वर्षं पसरू नयेत

प्लेग १८९४ मध्ये हाँगकाँगला होता, १८९६ मध्ये मुंबईत. तीच साथ, तेच साम्राज्य, दोन बंदरं. दोन्हीकडे घरं तपासायला माणसं शिरली आणि दोन्हीकडे लोक खवळले. हाँगकाँगला शिकलेलं मुंबईत वापरलं का? तीन-चार वर्षांतच प्रश्न बसतो, आणि वाचायला वर्तमानपत्रं आहेत, सरकारी अहवाल आहेत. ‘प्राचीन काळापासून आजपर्यंतच्या साथी’ असं लिहून आणलंत तर मी तो कागद वाचणारही नाही.

६. जिव्हाळा हवा, भक्ती नको

नेपोलियनचे भक्त ओळखू येतात, वॉटर्लूला त्यांचा आवाज बदलतो. भक्ताला प्रश्न पडत नाहीत. त्याला मी नेपोलियनच्या शत्रूंचे कागद वाचायला देते.

७. खाण्याचे टॉपिक गोड असतात, सावध राहा

मिरची, बटाटा, काजू. पोर्तुगीज आले, अमेरिकेतली रोपं आली, आपली थाळी बदलली. हे वाचायला मजा येते आणि व्हॉट्सअपवर फिरतं. अडचण अशी की परड्यात मिरची लावणाऱ्या बाईनं कागद मागे ठेवलेला नाही. मिरीला मलबारची ओली उतरण लागते, मिरची कुठेही उगवते, एवढं पटकन सांगून होतं. पुढची पानं कशानं भरणार? उत्तर असेल तर जरूर घ्या.

८. मोठ्या माणसाच्या पुस्तकाचं पहिलं पान उलटून बघा

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. शाळेपासून आपण हे ऐकतो, म्हणून त्यात प्रश्न आहे असं वाटतच नाही. पण पुण्यात बसलेल्या माणसाला तिकडचं कळत कसं होतं? मिशनऱ्यांच्या शाळेतून, वर्तमानपत्रांतून, थॉमस पेनच्या पुस्तकांतून? तिकडची लढाई इकडच्या जातीला लावताना त्यांनी काय घेतलं, काय वगळलं? मूळ पुस्तक मराठीत आहे आणि सहज मिळतं. यंदा एका मुलानं हे उचललंय. सध्या तो त्या वर्षांतली मिशनऱ्यांची मासिकं शोधतोय.

९. नाव सगळ्यांत शेवटी

सिनॉप्सिसवर तात्पुरतं नाव लिहा आणि नाव बदलायची मुदत कधीपर्यंत आहे ते ऑफिसात आधीच विचारून ठेवा. नाही तर प्रश्न निघून जातो हाँगकाँगला आणि मुखपृष्ठावर राहते ‘साथीचे रोग : एक अभ्यास’.