जाताना जास्त, येताना कमी

प्रश्न : आमच्या गावच्या गणेशमूर्ती कंटेनरमधून परदेशी जातात. जहाजाला आठवडे लागतात, हे समजतं. पण भाचीच्या मुंबई-लंडन तिकिटावर जायला यायच्यापेक्षा जास्त वेळ दाखवलाय. अंतर तेच, मग वेळ वेगळा का? आणि नवी मुंबईहून विमान धरलं तर अंतर वाचेल का?
— एक मूर्तिकार, हमरापूर (ता. पेण)

उत्तर : मुंबई आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यात सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे. सरळ म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून आखलेलं नव्हे. पट्टीच्या रेघेचा मध्य सिरिया-तुर्कस्तानकडे पडतो. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो उत्तरेकडे सरकतो, इराणवरून जातो आणि त्याचा मध्य आर्मेनियाजवळ येतो. सर्वांत जवळची वाट तीच.

ताशी ९०० किलोमीटरनं ही वाट आठ तासांत संपायला हवी. पण विमानाचा हा वेग भोवतालच्या हवेतला असतो, आणि ती हवाच धावत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. हिवाळ्यात असा झोत आपल्या उत्तर भारतावर असतो. पावसाळ्यात तो हिमालयापलीकडे सरकतो. लंडनला जाताना विमान या वाऱ्याच्या विरुद्ध जातं, येताना वाऱ्याबरोबर. खाडीत भरतीच्या विरुद्ध वल्हवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. समजा, सबंध वाटेवर सरासरी १०० किलोमीटरचा वारा आहे. तो समोरून आला तर वेग ८०० होतो आणि ९ तास लागतात. पाठीशी असला तर १,००० होतो आणि सव्वासात तासांत काम होतं.

तिकिटावरचा वेळ याहूनही जास्त दिसतो. एका विमानतळावर विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा तो हिशेब असतो. धावपट्टीची रांग आणि उतरण्यापूर्वीच्या घिरट्या त्यात आल्या. शिवाय सर्वांत जवळची वाट मोकळी असतेच असं नाही. फेब्रुवारी २०२२पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं आपली हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केली. वळसा पडला की इंधन आणि वेळ दोन्ही वाढतात. म्हणून एकाच दिवशी दोन कंपन्यांची वेळ वेगळी दिसली, तर ती छपाईची चूक समजू नका.

आता नवी मुंबई. तिथून प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ला सुरू झाली. हा विमानतळ जुन्या विमानतळापासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर आग्नेयेला आहे. त्यामुळे लंडनचं अंतर कमी न होता किंचित वाढेल, फार तर दोन मिनिटांनी. तुमची बचत जमिनीवरची आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. पेणकडून येणाऱ्याला पनवेल ओलांडून मुंबईच्या गर्दीत शिरावं लागणार नाही. मात्र तिकीट काढण्याआधी तुम्हाला हवं ते उड्डाण तिथून आहे का, ते बघा.

एक सूचना भाचीसाठी. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असते. लंडन आपल्या मागे, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. डिसेंबरात रात्री ९ला तिथून निघालेलं विमान ९ तासांनी उतरलं, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतील. तिला आणायला जाणाऱ्यानं तारीख नीट बघून निघावं.