कोड उडवण्याआधी

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की माणूस धास्तावतो आणि समोरचा सांगेल तो पार्ट घेऊन मोकळा होतो. आम्हा घोटीकरांना कसारा घाट चुकत नाही, त्यामुळे ही धास्ती जरा जास्तच. भर पावसाळ्यात माझ्या पेट्रोल गाडीचा दिवा लागला. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजने स्कॅनर लावला, ‘पेट्रोलची वाफ लीक होतेय’ म्हणत टाकीचं झाकण बदललं आणि कोड उडवला. आठवडा उलटायच्या आत घाटात दिवा पुन्हा लागला. आता म्हणे कॅनिस्टर बदला!

मी कोडचा नंबर मागितला. पी ०४४४. मोठ्या गळतीचा कोड पी ०४५५, अगदी बारीक गळतीचा पी ०४५६. ०४४४ गळतीचा कोडच नाही. पर्ज वाल्वचं सर्किट कुठंतरी तुटलंय, एवढंच तो सांगतो. झाकणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

टाकीतली वाफ हवेत न जाता कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठते. इंजिन तापलं की पर्ज वाल्व उघडझाप करतो आणि ती वाफ इंजिनात जाऊन जळते. अमेरिकेतल्या गाड्यांना अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीही स्वतः पकडावी लागते, म्हणून तिकडचे व्हिडिओ आधी झाकण बघायला सांगतात. आपले भारत स्टेजचे नियम युरोपच्या वळणाचे. त्यात लक्ष आहे ते मुख्यतः या वाल्वच्या सर्किटवर. तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लावला की खिसा रिकामा होतो.

शेवटी गावातल्या एका वायरमनने बोनेट उघडलं. वाल्वचा कनेक्टर काढून दोन पिनांना मीटर लावला. २६ ओहम. बहुतेक वाल्वमध्ये २० ते ३० च्या आसपास आकडा येतो, म्हणजे कॉइल शाबूत. मग त्याने वायरींवरची टेप सोडवत नेली. बॅटरीच्या मागे एक वायर कुरतडलेली, तांबं हिरवं पडून तुटलेलं, आणि शेजारी भाताचा तूस नि उंदराच्या लेंड्या. घोटी हे भाताच्या गिरण्यांचं गाव. पावसात उंदराला गरम इंजिनासारखा आसरा कुठला? वायरला डाग देऊन वर स्लीव्ह चढवली आणि दिवा गेला तो गेलाच.

म्हणून कळकळीने सांगतो, नंबर लिहून घेतल्याशिवाय कोड उडवू देऊ नका. कोड उडवला की बिघाडाच्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान किती होतं ही नोंदही पुसली जाते, आणि फिटरला खरा धागा त्यातच मिळतो. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी चालू व्हायला कुरकुरत असेल, तर वाल्व उघडा अडकलाय का ते बघायला सांगा. गाडी बंद असताना त्यातून फुंकर आरपार जाता कामा नये. पंपावर ऑटो कट झाल्यावर ‘अजून थोडं’ म्हणून भरून घेऊ नका, पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळसा निकामी होतो. गळतीचा संशय असेल तर कमी दाबाच्या धुराच्या मशीनने तपासून घ्या. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत अजिबात सोडू देऊ नका.

आणि गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर कोड नंतर बघा. गाडी उघड्यावर उभी करा, इंजिन बंद ठेवा आणि कुणालाही जवळ काडी पेटवू देऊ नका.