ड जीवनसत्त्व भरून निघालं, की बीपीची गोळी सुटेल?

प्रश्न : वय ५८. बीपीची गोळी चालू आहे. तपासणीत ड जीवनसत्त्व १४ आलं. ते वाढवलं तर गोळी सुटेल का? रोज सकाळी सहाला कामाटीबागेत फिरतो, तरी कमी कसं? – एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : गोळी बंद करू नका. ड कमी असलेल्यांत बीपी जास्त आढळतं हे खरं. पण वजन जास्त आणि बाहेर वावर कमी असला की दोन्ही एकत्रच दिसतात. अमेरिकेतल्या २५,८७१ जणांच्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २००० युनिट ड देऊनही हृदयविकार, पक्षाघात कमी झाले नाहीत.

१४ मात्र कमीच आहे. हाडांसाठी उपचार घ्याच. आठवड्याची ६०,००० युनिटांची मात्रा डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्या, मनाने लांबवू नका. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर आधी सांगा. जोडीला ड आणि कॅल्शियम घेतल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं.

सकाळी सहाच्या कोवळ्या उन्हात ड तयार करणारे किरण जवळपास नसतात. थंडीच्या दिवसांत अकरानंतर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा. मे महिन्यात हा प्रयोग नको. फिरणं सोडू नका, बीपीला त्याचा खरा उपयोग आहे.

आणि मीठ! दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. सेव-उसळीवरची शेव, पापड, लोणच्याचा खार यातलंही त्यात धरा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.