पडद्याला हात एकाच थ्रेडचा

चि. ओंकार,


डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये ‘चेकफॉरइलीगलक्रॉसथ्रेडकॉल्स’ फॉल्स केलं की बॅकग्राउंड थ्रेडमधून लेबल बदलताना येणारी एरर जाते. मग तेवढंच का करू नये, असं तू विचारतोस. एरर जाते, चूक राहते. डॉटनेट १.१ मध्ये ही तपासणी नव्हती; २००५ साली २.० मध्ये ती आली, तीही एरवी डीबगर जोडलेला असतानाच चालते. म्हणजे ग्राहकाच्या मशीनवर तुला सावध करणारं कुणी नसतं. तुझ्याकडे प्रोग्रॅम नीट चालतो यावरून एवढंच कळतं, की दोन थ्रेड अजून नको त्या क्षणी एकत्र आलेले नाहीत.

प्रत्येक कंट्रोलला लॉक लावू, असं तू म्हणशील. हा विचार तुझ्याआधी मोठमोठ्यांनी करून पाहिला आहे. जावाच्या एडब्ल्यूटी या यूआय लायब्ररीमागे तीच उमेद होती, आणि २००४ साली सन कंपनीच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी ‘अनेक थ्रेडच्या यूआयचं स्वप्न फसलं का’ असा प्रश्न उघडपणे विचारला. अडचण दिशेची आहे. माउसचा क्लिक ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर तुझ्या कोडपर्यंत येतो, तर ‘हे रंगव’ हा तुझा हुकूम वरून खाली जातो. दोघे तीच लॉक उलट्या क्रमाने धरतात आणि एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात. पडद्याला फक्त यूआय थ्रेडनेच हात लावायचा, हा एकाच थ्रेडचा नियम जावाच्याच स्विंगने स्वीकारला तो यामुळे. अँड्रॉइडचाही तोच आहे. हा नियम मला आळशीपणाचा वाटत नाही, हिशेबाचा वाटतो.

एकच थ्रेड म्हणजे पडदा गोठणार, ही शंका मात्र रास्त आहे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. म्हणून फाइल वाचणं, बेरजा, नेटवर्क हे सगळं मागेच राहू दे. पुढे फक्त तयार उत्तर पाठव, आणि तेही ‘बिगिनइन्व्होक’ने. साधा ‘इन्व्होक’ काम होईपर्यंत थांबतो. त्याच वेळी यूआय थ्रेड तुझ्या बॅकग्राउंड थ्रेडसाठी थांबलेला असेल, तर दोघेही गेले. पण न थांबण्याचीही किंमत असते: वाचलेल्या दर ओळीमागे एक निरोप धाडलास तर रांग तुंबते आणि पडदा पुन्हा गोठतो, तेव्हा शंभरेक ओळी गोळा करून एकदम पाठव. २०१२ च्या सी शार्प ५ पासून मिळालेला ‘अवेट’ यूआय थ्रेडवर वापरलास, तर पुढचा कोड आपोआप तिथेच परततो. नव्या कोडमध्ये मी तोच निवडेन. काम चालू असताना कुणी फॉर्म बंद केला तर निरोप मेलेल्या कंट्रोलवर जाऊन पडेल, म्हणून बंद करताना आधी काम रद्द कर. आणि ती फॉल्सची ओळ आजच काढून टाक. जिथे जिथे एरर येईल, ती तुझ्या दुरुस्तीची यादी.

तुझा,
काका